संस्थेसाठी बाहेरून निधी कसा मिळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्ती-गावातलं काम, दिव्यांग मुलांचं काम, शाळेचं काम, या तीन प्रकारच्या छोट्या संस्थांकडून जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. बहुतेक माहिती महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या संस्थांसाठी आहे. मोठ्या संस्थांकडे यासाठी पगारी माणसं असतात, त्यांना यातलं बरंचसं माहीत असेल.

आम्हाला फंडिंग पाहिजे, सुरुवात कुठून करायची?

"फंडिंग पाहिजे" इथून सुरुवात करू नका, आधी कागदावर लिहा की कशाकशाला पैसे लागणारेत आणि मग त्या यादीचे तुकडे करा. समजा तालुक्याच्या गावी तुम्ही बौद्धिक दिव्यांग मुलांचं दिवसाचं केंद्र चालवता, ३० मुलं आहेत. त्यात गाडी लागते, गाडीला ड्रायव्हर आणि डिझेल लागतं, स्पेशल टीचरचा पगार आहे, फिजिओथेरपी आहे, व्हीलचेअर आणि सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या खास खुर्च्या) आहेत, जागेचं भाडं आहे, दुपारचं जेवण आहे. हे सगळं मिळून "२२ लाखांचं प्रपोजल" म्हणून एकाच कंपनीला पाठवलं की ते बहुतेक वेळा कचऱ्यात जातं. पण गाडी कंपनीच्या सीएसआरमध्ये (कंपन्यांना कायद्याने समाजकामावर खर्च करावा लागतो तो पैसा) सहज बसते, व्हीलचेअर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून येऊ शकतात, मुलांचा आरोग्य विमा नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत होतो, जेवणाला गावातले लोक वाढदिवस, पुण्यतिथीला पैसे देतात, आणि पगाराला एखादं फाउंडेशन शोधावं लागतं कारण पगार द्यायला बाकी कोणीच तयार नसतं. खाली जे काही लिहिलंय त्या सगळ्यात हेच आहे, की कुठला तुकडा कोणाच्या नियमात बसतो ते बघायचं.

आमचा फक्त ग्रुप आहे, रजिस्ट्रेशन नाही. चालेल का?

ग्रँटसाठी नाही चालणार. ओळखीच्या लोकांकडून वर्गणी काढून काम करता येतं, पण संस्थेच्या नावाने बँक खातं नाही म्हटल्यावर कंपनी, फाउंडेशन, सरकार कोणीच पैसे देऊ शकत नाही. दोन पर्याय आहेत. एक म्हणजे नोंदणी करा (त्याचं खाली आहे), नाहीतर एखाद्या जुन्या संस्थेचा प्रोजेक्ट म्हणून एक-दोन वर्षं काम करा, पैसे त्यांच्या खात्यात येतील, हिशोब त्यांच्या ऑडिटमध्ये जाईल. दुसरा पर्याय लोकांना कमीपणाचा वाटतो पण माझ्या मते नवीन ग्रुपसाठी तोच बरा, फक्त आधी लेखी करार करा. कोण किती खर्च करणार, सही कोणाची, फोटोत नाव कोणाचं, सगळं त्यात आलं पाहिजे, नाहीतर नंतर भांडणं ठरलेली.

ट्रस्ट, सोसायटी की सेक्शन ८ कंपनी?

महाराष्ट्रात बहुतेक सामाजिक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, आणि कारभार धर्मादाय आयुक्त कार्यालयात. सेक्शन ८ कंपनी, म्हणजे नफ्यासाठी नसलेली कंपनी, २०१३ च्या कंपनी कायद्याखाली होते, तिची नोंदणी ऑनलाइन होते पण दरवर्षीचे फॉर्म आणि फी जास्त. निधी देणाऱ्याला तिन्ही चालतात. त्यामुळे यावर सहा महिने घालवू नका, जवळचा सीए ज्यातला जाणकार असेल ते करा.

कागदपत्रं नक्की कोणती लागतात?

एकदा नीट फाइल करून ठेवा, स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे रात्री साडेअकराला कोणी मागितली तरी पाठवता येतात. नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड किंवा घटना, विश्वस्तांची आजची यादी, पॅन, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी नोंदणी, आता १२एबी म्हणतात), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी), दर्पण आयडी, सीएसआर-१ नंबर (सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारी नोंदणी), तीन वर्षांचे ऑडिटेड हिशोब, तीन वर्षांचे रिटर्न, वार्षिक अहवाल, कॅन्सल चेक. दिव्यांगांसाठी काम असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र. मुलांसोबत काम असेल तर बाल संरक्षण धोरण आता बरेच जण मागतात, आणि १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पॉश कायद्याखालची (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) अंतर्गत समितीही.

यात सगळ्यात जास्त अडकतं ते विश्वस्तांच्या यादीवर. एखादे काका वारले, दोघांनी राजीनामे दिले, नवीन तिघं आले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल कळवणारा अर्ज, दाखलच केलेला नाही. कायद्याने बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. कंपनीची माणसं परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा मागतात आणि त्यावर सगळी जुनी नावं दिसतात, मग सही करणारा माणूस कागदावर विश्वस्तच नाही असं निघतं आणि चांगली ठरलेली ग्रँट लटकते. चेंज रिपोर्ट मंजूर व्हायला खूप वेळ लागतो हे खरंय, पण निदान दाखल केल्याची पोच तरी हातात पाहिजे.

दर्पण म्हणजे संस्थांच्या नोंदीचं नीती आयोगाचं पोर्टल, तिथे नोंदणी फुकट आहे. १२ए, ८०जीच्या अर्जालाही सरकारी फी नाही, सीएसआर-१ लाही नाही, खर्च होतो तो सीएच्या फीचा.

१२ए आणि ८०जीची मुदत संपते का? आमचं तर कायमचं होतं.

पूर्वी कायमचं असायचं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्यांना नव्याने करावं लागलं. नवीन संस्थेला आधी तात्पुरती ३ वर्षांची नोंदणी मिळते, मग ५ वर्षांची, आणि मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकावा लागतो. आधीच्या दोन वर्षांत दरवर्षी उत्पन्न ५ कोटींच्या आत असेल तर १२एबी आता १० वर्षांसाठी मिळतं, ८०जी मात्र त्यात येत नाही, म्हणून दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, लोकांच्या तोंडी मात्र १२ए-८०जीच आहे आणि अजून बरीच वर्षं राहील.

८०जी असलं की लोक जास्त देणगी देतात का?

पूर्वीइतकं नाही राहिलं. ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ८०जीची सूट मिळतच नाही, आणि आता आपोआप लागू होते ती नवीच. म्हणून पगारदार माणसाला "टॅक्स वाचेल" सांगून देणगी मागण्यात फार अर्थ नाही, काम दाखवून मागा. तरीही ८०जी पाहिजेच कारण त्याशिवाय सीएसआर-१ नंबर मिळत नाही. आणि २००० रुपयांच्या वर कॅशमध्ये दिलं तर ८०जीची सूट नाही, त्यामुळे कॅश घेणं शक्यतो बंदच करा. देणगीदारांची यादी ३१ मे पर्यंत आयकर पोर्टलवर भरायची असते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लागतात.

सीएसआर कोणत्या कंपन्यांना लागू आहे?

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. नेटवर्थ ५०० कोटी, किंवा टर्नओव्हर १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. लोक ५०० आणि १००० कोटीचे आकडे बघून समजतात की हे फक्त टाटा, रिलायन्स, बजाज यांचं काम आहे. पण ५ कोटी नफा करणाऱ्या कंपन्या चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी सगळीकडे आहेत आणि त्यांना सीएसआरचे वर्षाला दहा-पंधरा लाखच काढायचे असतात. मोठ्या कंपनीच्या सीएसआर हेडला रोज ढिगाने प्रपोजल येतात, या छोट्या कंपन्यांकडे कोणी जातच नाही. तिथे सीएसआर विभाग नसतो, एचआर मॅनेजर किंवा कंपनी सेक्रेटरी ते बघतो आणि ज्यांचं सीएसआर ५० लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी समिती पण नेमावी लागत नाही, थेट बोर्ड ठरवतं, म्हणजे निर्णय पटकन होतो. कायद्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय, सो तुमच्या एमआयडीसीपासून सुरुवात करा, मुंबईपासून नको.

कोणती कंपनी कुठल्या राज्यात, कुठल्या कामावर किती खर्च करते हे नॅशनल सीएसआर पोर्टलवर कोणालाही बघता येतं. शिवाय कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं, त्यात मागच्या वर्षी कोणत्या संस्थांना दिलं त्यांची नावं असतात. प्रपोजल लिहायच्या आधी एक अख्खी दुपार यावर घालवा. जी कंपनी तीन वर्षं फक्त पाणलोटाचं काम करतेय तिला ऑटिझमचं प्रपोजल पाठवून उपयोग नाही.

आमचं काम सीएसआरमध्ये बसतं का?

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात यादी आहे. शिक्षण, विशेष शिक्षण, आणि मुलं, महिला, ज्येष्ठ, दिव्यांग यांच्यासाठी रोजगाराची कौशल्यं हे त्यात सरळ लिहिलेलं आहे, त्यामुळे दिव्यांग आणि शिक्षण दोन्ही बसतं. बसत नाही ते म्हणजे राजकीय पक्षाला दिलेलं, फक्त कंपनीच्या कामगारांच्या फायद्याचं, आणि मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा असे एक दिवसाचे कार्यक्रम. जागतिक दिव्यांग दिनाच्या ३ डिसेंबरच्या कार्यक्रमाला सीएसआर मागू नका, त्यासाठी कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांकडे स्पॉन्सरशिप मागा, ते वेगळं खातं आहे.

संस्थेला सीएसआर-१ नंबर आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. इथेच नवीन संस्था अडते, म्हणूनच वर म्हटलं की आधी जुन्या संस्थेबरोबर करा.

प्रपोजल कधी पाठवायचं?

बोर्ड वर्षाचा सीएसआर आराखडा ठरवतं तो साधारण आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, तर फेब्रुवारी ते मे मध्ये तुम्ही त्यांच्या डोळ्यासमोर असलं पाहिजे. दुसरी संधी जानेवारी ते मार्च. बऱ्याच कंपन्यांचा पैसा तोपर्यंत पडून असतो आणि मार्चअखेर खर्च झाला नाही, चालू प्रोजेक्टही नसेल, तर तो सरकारी फंडात भरावा लागतो. या गडबडीत ५-७ लाखांचं, लगेच खरेदी करता येईल असं काहीतरी (ब्रेल पुस्तकं, श्रवणयंत्रं, फिजिओचं साहित्य) कोटेशनसकट तयार असलं तर खूपदा काम होतं. दिवाळीच्या आठवड्यात मेल टाकू नका, कोणी वाचत नाही.

एक जण म्हणतोय १५ टक्के द्या, सीएसआर आणून देतो.

नको. हे सगळीकडे चालू आहे, माहितीये. याचे दोन प्रकार. एकात तो आधी "प्रोसेसिंग फी" घेतो आणि गायब होतो. दुसऱ्यात खरंच पैसे येतात पण मोठा भाग कॅशमध्ये परत मागतात. तो दुसरा जास्त वाईट कारण कागदोपत्री सगळे पैसे तुम्ही खर्च केलेत असं दाखवावं लागतं, खोटी बिलं येतात, आणि पुढे चौकशी झाली तर १२ए जातं, विश्वस्तांवर केस होते, तो माणूस कुठेच नसतो. प्रपोजल लिहून देणाऱ्याला ठरावीक फी देणं वेगळं, त्यात काही गैर नाही, बिल घ्या आणि चेकने द्या. टक्केवारी म्हटलं की उठून या.

दिव्यांगांच्या कामाला सरकारी पैसे कुठले?

बरेच आहेत पण हळू येतात, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा.

केंद्राची दीनदयाल दिव्यांगजन पुनर्वसन योजना ही संस्थांसाठी आहे, विशेष शाळा, पूर्व-हस्तक्षेप केंद्र (अगदी लहान वयातच थेरपी सुरू करणारं), व्यवसाय प्रशिक्षण अशा गोष्टींना. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, आणि जिल्हा, राज्य, केंद्र असा प्रवास करतो. दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणी नसेल तर अर्ज करूच नका. यातला खरा त्रास असा की खर्च तुम्ही आधी करता आणि पैसे नंतर येतात, कधीकधी खूपच नंतर, तेव्हा चार-सहा महिन्यांचे पगार हातात नसतील तर या योजनेवर केंद्र उभं करू नका. जी संस्था आधीच चालू आहे तिला ही चांगली.

एडिप ही साहित्यासाठी, म्हणजे व्हीलचेअर, ट्रायसिकल, श्रवणयंत्र, कॅलिपर. बहुतेक ठिकाणी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत शिबिरं होतात, आधी तपासणी शिबिर आणि मग वाटप. तुमच्या मुलांची यूडीआयडी कार्डं (सरकारी दिव्यांग ओळखपत्रं) आणि उत्पन्नाचे दाखले आधी तयार ठेवा, शिबिराच्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. साहित्य मापाचं नसेल तर तिथेच सांगा, घरी नेऊन पडवीत ठेवलेल्या व्हीलचेअर गावोगाव दिसतात.

नॅशनल ट्रस्ट हा १९९९ च्या कायद्याने झालेला, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी. त्यांची निरामय योजना मुलामागे वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा देते, थेरपीचे पैसेही त्यात मिळतात. संस्थेला थेट ग्रँट नाही ही, पण पालकांचा खर्च कमी झाला की तुमची फी वेळेवर येते.

राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग आहे, आयुक्तालय पुण्यात. शिक्षकांची नेमणूक दाखवताना त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक चालू आहे ना बघा. बीएड स्पेशल झालेली ताई आहे पण तिने नोंदणी रिन्यूच केली नाही, आणि तपासणीत नेमकं तेच निघतं.

ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीचं काय?

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. बऱ्याच गावांत ती मार्चमध्ये प्रत्येकी काही रुपये वाटून संपवतात, त्यातून कोणाचंच काही होत नाही. ग्रामसभेत लेखी मागणी करा की यंदा या पैशातून शाळेला रॅम्प आणि टॉयलेटला बार बसवा. ही मागणी संस्थेच्या लेटरहेडवर नेण्यापेक्षा गावातल्या दिव्यांगांनी आणि पालकांनी सह्या करून नेली तर जास्त चालते. किती जमा झाले, किती खर्च झाले हे माहिती अधिकारात विचारता येतं, पण पहिल्याच दिवशी ते हत्यार काढू नका, ग्रामसेवकाबरोबर वर्षभर काम करायचंय.

खासदार-आमदार निधी मिळतो का संस्थेला?

बांधकाम, वस्तू अशा टिकाऊ गोष्टींसाठी मिळू शकतो, पगाराला कधीच नाही. खासदारांना वर्षाला ५ कोटी असतात, ते फक्त शिफारस करतात, मंजुरी आणि काम जिल्हा प्रशासनाकडून होतं. इमारतीवर नाव लागणार, हे गृहीत धरा.

आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. आम्ही कुठे अर्ज करायचा?

शाळा स्वतः सीएसआर-१ घेत नाही, त्यामुळे कंपनी एखाद्या संस्थेमार्फत काम करते. तरी शाळेला तीन रस्ते आहेत. पहिला, विद्यांजली पोर्टल (केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं, २०२१ चं), तिथे मुख्याध्यापक शाळेची गरज टाकू शकतात, कोणीही व्यक्ती किंवा कंपनी ती वस्तू देऊ शकते. दुसरा, लोकसहभाग, शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात, पावती देऊन. महाराष्ट्रात कितीतरी शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या, ग्रँटची वाट बघत कोणी बसलं नाही. तिसरा समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा, त्यातल्या समावेशित शिक्षणाच्या भागातून दिव्यांग मुलांना साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता मिळतो, पण त्यासाठी ते मूल यूडायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दिव्यांग म्हणून नोंदलेलं पाहिजे. वर्गात मूल आहे आणि नोंदीत नाही, असं असलं की त्याच्या नावाचा पैसा येतच नाही. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, त्यांना हे पाठ असतं.

फाउंडेशन आणि ट्रस्ट कोणते?

टाटा ट्रस्ट्स (सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी १९३२ चा), अझीम प्रेमजी फाउंडेशन, विप्रो फाउंडेशन जे दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर काम करतं, पुण्यात पर्सिस्टंट फाउंडेशन, थरमॅक्स फाउंडेशन. प्रत्येकाच्या साइटवर ते कशाला देतात ते लिहिलेलं असतं, अर्ज उघडे आहेत का तेही. कंपनीच्या सीएसआरपेक्षा यांच्याकडे पगाराला, प्रशिक्षणाला पैसे मिळायची शक्यता जास्त, आणि प्रश्नही जास्त विचारतात. त्यांचा माणूस दोन दिवस येऊन बसतो, पालकांशी बोलतो, रजिस्टर बघतो. वैताग येतो पण त्या प्रश्नांतून काम सुधारतं असं मला तरी वाटतं.

रोटरीकडून मोठी रक्कम मिळते म्हणे?

मिळते. ग्लोबल ग्रँटचं बजेट कमीत कमी ३०,००० डॉलर असावं लागतं. पण संस्था थेट अर्ज करू शकत नाही, तुमच्या गावचा क्लब आणि परदेशातला एक क्लब मिळून करतात. म्हणजे क्लबमधला एक तरी माणूस मनापासून मागे लागणारा पाहिजे. अध्यक्ष दर १ जुलैला बदलतो, सो मे महिन्यात ज्यांनी शब्द दिला त्यांच्या शब्दाची मुदत जूनपर्यंत समजा.

अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणतोय, एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी) लागेल का?

त्याचा पासपोर्ट कोणता, यावर आहे. भाचा अजून भारतीय नागरिक असेल, एनआरआय असेल, आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची कॉपी घेऊन ठेवा. पण त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी स्रोत झाला, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. मग एफसीआरए नोंदणी नसताना एक रुपयाही घ्यायचा नाही, तुमच्या वैयक्तिक खात्यात घेऊन मग संस्थेत भरतो ही युक्ती तर अजिबात नको. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या ओळखीचे, गावच्या शाळेत शिकलेले, प्रेमाने देणारे लोक असतात, त्यांना नाही म्हणायला जड जातं, पण कायदा प्रेम बघत नाही.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च झालेला पाहिजे. खातं दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं (२०२० च्या बदलानंतर), प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, रिटर्न दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत, पैसा आला नसेल तरी. नोंदणी ५ वर्षांची. आयुष्यात दोनदा भाच्याचे ५० हजार घ्यायला हा सगळा व्याप करू नका. नियमित देणारे कोणी असतील, महाराष्ट्र फाउंडेशनसारखी तिकडची मराठी माणसांची संस्था मदत करणार असेल, तर करा.

भारतात नोंदलेल्या परदेशी कंपन्यांचा सीएसआर बहुतेक वेळा यात येत नाही, तरी त्यांच्याकडून तसं लेखी घ्या.

लोकांकडूनच पैसे उभे करायचे असतील तर?

ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या केटो, मिलाप, गिव्ह या साइटची नावं माहीत असतीलच. एका मुलाच्या ऑपरेशनला तिथे पटकन पैसे येतात, शिक्षिकेच्या पगाराला येत नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्था नोंदवता येते, युनायटेड वे मुंबई ते बघते, पण तुमच्यासाठी धावणारे आणि मित्रांकडे मागणारे लोक तुम्हीच आणायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दान उत्सव, म्हणजे देण्याचा सप्ताह, असतो. पुण्यात पितृपंधरवड्यात "देणे समाजाचे" हे संस्थांचं प्रदर्शन भरतं, तिथे येणारा माणूस द्यायच्या तयारीनेच आलेला असतो. लोकसत्ता २०११ पासून गणेशोत्सवात "सर्वकार्येषु सर्वदा" मध्ये दरवर्षी दहा संस्थांबद्दल छापतं आणि वाचक चेक पाठवतात, निवृत्त शिक्षिका, पेन्शनर मंडळी. या पैशाला अट नसते. सगळ्यात मोलाचा पैसा हाच, कारण भाडं, लाइट बिल, ताईचा पगार यातूनच जातो. त्यामुळे हजार रुपये देणाऱ्या आजोबांना पावतीबरोबर दोन ओळींचं हाताने लिहिलेलं पत्र पाठवा.

सोशल स्टॉक एक्स्चेंज?

म्हणजे शेअर बाजारातून सामाजिक संस्थांनी पैसे उभे करायची सोय. छोट्या संस्थेने आत्ता विचार करू नये. इश्यू किमान ५० लाखांचा लागतो आणि त्याची तयारीच मोठी.

प्रपोजल मराठीत चालेल?

जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, राज्य सरकारला मराठीतच द्या. कंपनीला इंग्रजीत द्यावं लागतं, पण साधं. एआयकडून लिहून घेतलेली प्रपोजल सध्या ढिगाने येतात आणि सगळी सारखी वाचतात, "सर्वांगीण सक्षमीकरण" वगैरे. वाचणाऱ्याला पाहिजे ते एवढंच: किती मुलं, कुठल्या गावची, आत्ता काय अडचण, तुम्ही काय करणार, किती पैसे, वर्षाने काय दिसेल. चार पानं पुरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६ लाख दिव्यांग होते हा आकडा सगळेच टाकतात, त्याने तुमचं काम कळत नाही. "आमच्या तालुक्यातल्या ११ गावांत घरोघर फिरलो, ४६ मुलं सापडली, त्यातली २९ शाळेतच जात नाहीत" अशा धर्तीचं वाक्य असेल तर वाचणारा थांबतो. तो सर्व्हे खरा पाहिजे आणि वह्या दाखवता आल्या पाहिजेत.

बजेटमध्ये पगार लावले की कापतात. काय करावं?

लावायचेच. दिव्यांग मुलांचं काम म्हणजे माणसांचंच काम आहे, टीचर नसेल तर सेन्सरी रूम ही बंद खोली. पगार "प्रशासकीय खर्च" या ओळीत टाकू नका, कारण तो नाहीये, स्पेशल टीचर, थेरपिस्ट, मदतनीस मावशी हे प्रोजेक्टचा खर्च आहेत, तसंच लिहा, प्रत्येकासमोर किती मुलं ते लिहा. दुसरं, बऱ्याच कंपन्या सांगतात की कायद्याने तुम्हाला ५ टक्केच ओव्हरहेड (ऑफिस, कारभाराचा खर्च) घेता येतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही, आणि कंपनी मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात हे स्पष्ट केलंय. प्रिंट काढून मीटिंगला न्या, आवाज न चढवता दाखवा. कंपनीचं स्वतःचं धोरण कमी असू शकतं, तो त्यांचा अधिकार, पण कायद्याचं नाव पुढे करून नको.

आणि हे विसरलेले खर्च: गाडीचा विमा आणि टायर, सोबत येणाऱ्या पालकाचं तिकीट, मीटिंगला साइन लँग्वेजवाली व्यक्ती, ऑडिट फी, सुट्टीवर गेलेल्या टीचरची बदली, दुसऱ्या वर्षीची पगारवाढ.

कंपनी म्हणते कंप्युटर लॅब देतो, आम्हाला थेरपिस्ट पाहिजे.

एकदा विचारून बघा की लॅबऐवजी तेवढ्याच पैशात दोन वर्षं थेरपिस्ट देता का, मुलांचे आधीचे-नंतरचे रिपोर्ट देतो म्हणा. नाहीच म्हटलं तर लॅब घ्यायची की नाही हे खोली, लाइट, शिकवणारा माणूस बघून ठरवा. फुकट मिळतंय म्हणून घेतलेल्या वस्तूचा सांभाळ फुकट नसतो. नम्रपणे नाही म्हणणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी परत फोन येतो, हे मी बघितलंय.

पैसे आल्यावर काय काय करायचं?

करारातला हप्ता आणि रिपोर्टच्या तारखा भिंतीवर लावा. शक्य असेल तर वेगळं खातं, नाहीतर निदान टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे त्या प्रोजेक्टचा वेगळा हिशोब. प्रत्येक बिलावर प्रोजेक्टचं नाव. शेवटी सीएचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, लागतं, ते मार्चमध्ये मागायला गेलात तर सीए जुलैमध्ये देणार. एका खर्चाचं बिल दोन फंडरना लावणं हा फ्रॉड आहे, "दोघांनाही कुठे कळतंय" म्हणणारे विश्वस्त असतात, त्यांना मीटिंगमध्येच थांबवा.

फोटोंचं नीट लिहितो. कंपनीला फोटो पाहिजेच असतात, मोठ्या चेकसोबत, टी-शर्ट घालून. पालकांची लेखी परवानगी घ्या, मोठ्या मुलांना स्वतःलाही विचारा, आणि केविलवाणे फोटो देऊ नका. करार करतानाच "वर्षातून एक भेट, आधी कळवून" असं लिहून घ्या, नाहीतर ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्गात चाळीस पाहुणे कॅमेरे घेऊन येतात आणि पुढचे तीन दिवस वर्ग लागत नाही.

थोडे पैसे उरले तर?

मुदत संपायच्या आधी लेखी कळवा आणि कशाला वापरू ते विचारा. बहुतेक हो म्हणतात. स्वतः ठरवून वापरले तर यूसीमध्ये अडकता.

नकार आला, परत त्यांनाच विचारायचं का?

हो. का नाही झालं ते एका ओळीत विचारा, दहातले तीन जण सांगतात. "बजेट संपलं" असेल तर पुढच्या फेब्रुवारीत परत, "आमच्या विषयात बसत नाही" असेल तर तो तुकडा काढून दुसऱ्याला द्या. मधे दर तीन महिन्यांनी एक फोटो आणि चार ओळी पाठवत राहा, पैसे न मागता.

मला संस्थेसाठी नाही, माझ्या मुलीसाठी मदत पाहिजे.

मग वरचं बहुतेक तुम्हाला लागू नाही. आधी यूडीआयडी काढा, सरकारी रुग्णालयातून, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक योजनेत तेच मागतात. मग निरामय (ती वरच्या चार गटांत असेल तर), एडिपचं शिबिर, तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजना, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा ५ टक्के निधी. हे चारही अर्ज एकाच वेळी करता येतात, एक मिळाल्यावर दुसरा करायचा अशी वाट बघू नका. जवळ दिव्यांगांची एखादी संस्था असेल तर तिथे फॉर्म भरून देणारं कोणीतरी असतंच, त्याचे पैसे घेत नाहीत, घेत असतील तर दुसरीकडे जा.